फुटवे मोजताना

ऊस लावून दीड-दोन महिने झाले की आमच्या वाळवा तालुक्यात माणसं सरीत वाकून फुटवे मोजायला लागतात. लावलेली असते एका डोळ्याची टिपरी, पण वर आलेला कोंब एकटा राहत नाही. जेठ्या कोंबाच्या बुडातून दुसरा निघतो, तिसरा निघतो. काहीजण तर जेठा मुद्दाम मोडतात, म्हणजे बाकीचे जोमाने येतात. मग मोठी बांधणी होते, पाल्याची दाटी होते आणि मागाहून आलेले कितीतरी फुटवे वाळून जातात. तोडीच्या वेळी उभा ऊस मोजला तर आकडा निराळाच. म्हणून ‘बेटाला किती?’ असं कुणी विचारलं की जाणता माणूस आधी उलट विचारतो, ‘कधी मोजलंस?’

ताऱ्यांवरच्या पुस्तकाची सुरुवात उसाने करताना मला संकोच वाटत नाही, कारण पुस्तकाचा विषय जवळपास हाच आहे. तारे जन्मतात तेव्हा त्यांतले किती जोडीने जन्मतात? त्या जोड्या पुढे टिकतात किती? ज्या ढगांत आज नवे तारे घडत आहेत तिथे जोडताऱ्यांचं प्रमाण सूर्याच्या आसपासच्या प्रौढ ताऱ्यांहून जास्त आहे का? गेली तीस-पस्तीस वर्षं खगोलशास्त्रज्ञ ही मोजदाद करत आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत, यातच विषयाची सगळी गंमत आहे. वाचकाने एखादा आकडा पाठ करून पुस्तक मिटावं अशी माझी इच्छा नाही.

जोडतारा म्हणजे काय, हे आपल्याकडे लग्न लागलेल्या माणसाला निराळं सांगायला नको. सप्तपदी झाली की नवरानवरीला अरुंधती दाखवतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अंधुक दिसते ती अरुंधती. आमच्या आजीच्या आकाशात सप्तर्षी नव्हते, तिथे म्हातारीची बाज होती आणि ती पळवणारे तीन चोर होते. मधल्या चोराच्या पाठुंगळी अरुंधती बसलेली असे. लहान दुर्बीण लावली की वसिष्ठ स्वतःच फुटून त्याचे दोन होतात. १८८९ साली हार्वर्डच्या पिकरिंगने वर्णपटातल्या रेषा आलटून पालटून दुहेरी होताना पाहिल्या आणि त्या दोनांतला मोठाही दोन ताऱ्यांचा निघाला, साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या. पुढे धाकटाही जोडीचा ठरला, आणि २००९ साली अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. म्हणजे भटजी बोट दाखवून दोन तारे सांगतात तिथे निदान सहा आहेत. डोळ्यांना दोन, दुर्बिणीला तीन, वर्णपटाला आणखी. किती आहेत हे कशाने पाहिलं यावर ठरतं. ही पहिली खूणगाठ.

आकाशात शेजारी दिसणारे दोन तारे खरोखरीचे सोबती असतात का, की एक जवळचा आणि एक फार लांबचा असे एका रेषेत आलेले? १७६७ साली इंग्लंडातल्या जॉन मिचेल या पाद्र्याने साधा हिशेब केला. तारे मुठीतल्या ज्वारीसारखे आकाशावर फेकले तर इतकी जवळजवळची जोडकी निव्वळ योगायोगाने पडणं शक्य नाही. यांतली बहुतेक खरी असली पाहिजेत. विल्यम हर्शेलने वीस-पंचवीस वर्षं तेच तारे पुन्हापुन्हा मोजले आणि १८०३ साली दाखवून दिलं की काही जोड्यांतला एक तारा दुसऱ्याभोवती फिरतो आहे. सूर्यमालेबाहेर गुरुत्वाकर्षण चालतं याचा तो पहिला धडधडीत पुरावा होता.

आणि इथे आपल्या भागाचा संबंध येतो. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनियर्समधला अधिकारी, त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राबलेला. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभी केली. पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून १८४५ ते १८४८ या काळात त्याने २४४ जोडतारे मोजले आणि ती यादी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. साताऱ्याची गादी तेव्हा अजून खालसा व्हायची होती. सातारा-सांगलीचं आकाश आणि पुण्याचं आकाश यांत अंशा-दीड अंशाचा फरक. जेकबला पुण्यातून जे दिसलं ते आपल्या पठारावरून तसंच दिसतं, किंबहुना दक्षिणेचे तारे आपल्याकडे बोटभर वरच. १८४७ साली वृश्चिकातल्या ‘न्यू’ या ताऱ्याकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं, की या जोडीतला मंद तारा स्वतःही दुहेरी आहे. त्याच सुमारास अमेरिकेत मिचेल नावाच्याच दुसऱ्या एका निरीक्षकालाही तेच दिसलं होतं. पण पुण्याच्या हवेतून, पाच फुटी नळीतून सव्वादोन विकलांची जोडी वेगळी काढणं ही काही थोडकी नजर नव्हे.

जेकब पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ साली त्याने भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडीविषयी लिहिलं, की तिच्या फिरण्यात एक खोट आहे आणि तिच्यामागे न दिसणारा तिसरा कुणीतरी असावा. तसं काही निघालं नाही. पण जोडीच्या चालीवरून लपलेला सोबती ओळखायचा ही युक्ती आज रोज वापरली जाते. १८६२ साली पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा बांधायला ब्रिटिश पार्लमेंटने हजार पौंड मंजूर केले. जेकब नऊ इंची दुर्बीण घेऊन ८ ऑगस्टला मुंबईत उतरला, आणि पुण्यात पोचल्यावर १६ ऑगस्टला वारला. वय अठ्ठेचाळीस. सह्याद्रीच्या माथ्यावरून जोडतारे मोजायचा बेत आठ दिवसांत मोडला. मला या गोष्टीची चुटपुट लागून राहिली आहे; पुस्तक लिहायला घेतलं त्यामागे तीही आहे.

जेकबला ठाऊक असणं शक्य नव्हतं अशी गोष्ट पुढची. तो ‘न्यू’ तारा साधासुधा नाही. अनुराधा नक्षत्राच्या शेजारचा हा तारा, अनुराधेचे तारे आणि लाल ज्येष्ठा हे सगळे एकाच मोठ्या ढगातून, साधारण एकाच सुमाराला जन्मले. त्यांचं अंतर सुमारे ४७० प्रकाशवर्षं आणि वय ५० लाख ते १ कोटी वर्षांच्या घरात. ज्येष्ठेला लागूनच तो ढग अजून शिल्लक आहे आणि त्यात अजून तारे होत आहेत. ‘न्यू’ हे आज निदान सात ताऱ्यांचं कुटुंब मानलं जातं. म्हणजे पुण्याचा तो कॅप्टन नकळत ताऱ्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत डोकावला होता.

ही वयं डोळ्यांसमोर येण्यासाठी मी एक माप धरलं आहे आणि पुस्तकभर तेच वापरलं आहे. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. सूर्य ४६ वर्षांचा गडी मानला, तर १ कोटी वर्षं म्हणजे सव्वा महिना. वृश्चिकातले हे तारे अर्ध्या ते सव्वा महिन्याचे. कृत्तिका आणि रोहिणी यांच्या आसपास वृषभात जो काळा धुरकट ढग आहे त्यातले तारे दहा-वीस लाख वर्षांचे, म्हणजे नुकती पाचवी पुजलेले. मृगातल्या तेजोमेघातले तारेही साधारण त्याच वयाचे. ययातीच्या ढगात तर असे गर्भतारे आहेत की जे अजून गोळा होत आहेत. त्यांची नाळसुद्धा तुटलेली नाही.

या बाळांतल्या जोड्या मोजायच्या तर अडचणी दोन. बाळं धुळीच्या दुपट्यात गुंडाळलेली असतात, त्यामुळे साध्या प्रकाशात दिसत नाहीत. अवरक्त किरणांनी पाहावं लागतं. दुसरी अडचण अंतराची. पंचांगातली विकला घ्या, अंशाचा ३,६००वा भाग. दोनशे मीटरवर धरलेला एक मिलिमीटर साधारण तेवढा दिसतो. आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरत असते आणि तारा विकलाभर फासून टाकते. वृषभाच्या ढगाएवढ्या अंतरावर एक विकला म्हणजे १४० खगोलीय एककं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या १४० पट. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या जोड्यांत सर्वांत जास्त आढळणारं अंतर ५० एककांच्या आसपास आहे. म्हणजे ज्या जोड्या सर्वांत जास्त असायच्या त्याच हवेच्या थरथरीत विरघळून जातात.

वृषभातला ‘टी’ हा तारा याचा नमुना. या जातीच्या सगळ्या तान्ह्या ताऱ्यांना १९४५मध्ये आल्फ्रेड जॉयने याच्यावरून नाव दिलं. जातीचा मूळपुरुषच म्हणा. इतकी वर्षं तो एकटाच समजला जाई. १९८२ साली अवरक्तात त्याच्यापासून पाऊण विकलेवर दुसरा तारा सापडला, आणि पुढे त्या दुसऱ्याचेही दोन झाले. ज्याच्यावरून जातीला नाव पडलं तोच तिघांचं बिऱ्हाड घेऊन बसला होता.

हवेवर मात करायची एक युक्ती फ्रान्सच्या आंत्वान लाबेरीने १९७० साली सुचवली. हवा हलायच्या आत सेकंदाच्या बारीकशा अंशात छायाचित्र घ्यायचं, अशी शेकडो घ्यायची, आणि गणिताने त्यांच्यातली थरथर वजा करायची. ही पद्धत अवरक्तात वापरता येऊ लागली आणि १९९३ साली दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. एक अँड्रिया गेझ हिची, कॅलिफोर्नियात डॉक्टरेट करताना पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीवर केलेली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवरासाठी २०२०मध्ये नोबेल मिळालेली ती हीच. वृषभ आणि वृश्चिक-भुजंगधारी या दोन ढगांतले तान्हे तारे तिने तपासले. १६ ते २५२ एककांच्या पट्ट्यात तिला ६० टक्के जोड्या मिळाल्या, सतरा टक्के इकडेतिकडे. सूर्याजवळच्या प्रौढ ताऱ्यांत याच पट्ट्यात सोळा टक्के. म्हणजे चौपट! दुसरी पाहणी जर्मनीच्या लायनर्ट आणि सहकाऱ्यांची. वृषभातल्या १०४ ताऱ्यांपैकी ४४ जणांना सोबती. ३९ दुहेरी, ३ तिहेरी, २ चौहेरी. त्यांच्या हिशेबाने प्रमाण प्रौढांच्या सुमारे दुप्पट.

चौपट की दुप्पट? दोघांनी काही चूक केली नव्हती. नमुना लहान, पट्टे वेगळे, आणि किती मंद सोबती धरायचा याची रेघ वेगळी. गेझचा सतरा टक्क्यांचा ‘इकडेतिकडे’ वर्तमानपत्रवाले नेहमी गाळतात. वाचकाने तो गाळू नये.

यात आणखी दोन चकवे आहेत. तान्हा लहान तारा त्याच्या प्रौढपणापेक्षा कितीतरी उजळ असतो, त्यामुळे म्हातारपणी जो सोबती दिसलाच नसता तो बालपणी सहज दिसतो. जोड्या जास्त भासतात याचं थोडं श्रेय या उजळपणाला द्यावं लागतं. दुसरं असं, की उजळ ताऱ्यांची यादी केली की जोड्या आपोआप जास्त येतात, कारण दोघांचा उजेड मिळून एकाचा वाटतो. या दोन्हींची वजाबाकी करूनही वृषभात जोड्या जास्तच उरल्या. २०११ साली अॅडम क्राऊस आणि सहकाऱ्यांनी ३ ते ५,००० एककांपर्यंतचा मोठा पट्टा तपासला तेव्हा वृषभातल्या ताऱ्यांपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश कुणाच्या ना कुणाच्या सोबतीत निघाले. एकटा तारा तिथे अपवाद.

यावरून सगळे तान्हे ढग असेच असतील असं वाटू लागलं होतं. नेमकं तिथेच बिनसलं. भुजंगधारीच्या ढगातले १५८ तारे रात्झका आणि सहकाऱ्यांनी तपासले. २००५ साली त्यांनी दिलेला आकडा २९ टक्के, वृषभाहून स्पष्ट कमी. आणि मृगाच्या तेजोमेघात तर रुंद जोड्यांचं प्रमाण प्रौढ ताऱ्यांइतकंच निघालं, वृषभाच्या निम्म्याच्या आसपास. नीट पाहा, वृषभ आणि मृग या दोघांचीही पाचवी एकाच आठवड्यातली. वयाने फरक पडत असता तर दोन्हीकडे सारख्या जोड्या हव्या होत्या. फरक वस्तीचा आहे. वृषभातले तारे विरळ, जत-आटपाडीकडच्या वाड्यांसारखे, दोन घरांत मैलभर माळ. मृगाच्या तेजोमेघाच्या गाभ्यात दाटी इतकी, की आपल्या सूर्याभोवतीच्या मानाने हजारो पट. तिथे रुंद जोडी धरून राहिली तरी शेजारून जाणारा तिसरा तारा तिला धक्का देऊन मोडतो.

उसाशी तुलना करताना इथे थोडं सांभाळावं लागतं. दाट लागणीत वाळलेला फुटवा संपतो. ताऱ्यांची जोडी मोडली तर कुणीच संपत नाही. दोघेही एकटे होऊन जगत राहतात. या साध्या गोष्टीने टक्केवारीचं गणित विचित्र होतं. समजा १०० कुटुंबं आहेत. ६० जोड्या आणि ४० एकटे. त्यातल्या २० जोड्या मोडल्या. उरल्या ४० जोड्या. पण एकटे झाले ८०, कारण प्रत्येक मोडलेल्या जोडीमागे दोन एकटे वाढले. आता कुटुंबं १२० आणि जोड्यांचं प्रमाण ३३ टक्के. जोड्या मोडल्या एक-तृतीयांश, प्रमाण मात्र साठावरून तेहतिसावर! जोडताऱ्यांची टक्केवारी कुटुंबांवर धरतात, ताऱ्यांवर नाही, हे न सांगता आकडे फेकणारे लेख मी बरेच वाचले आहेत.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सूर्याच्या शेजारात दिसते. दीपक राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली सूर्यासारखे ४५४ जवळचे तारे तपासून सांगितलं, की शंभरातली ५६ कुटुंबं एकट्यांची, ३३ दुहेरी, ८ तिहेरी आणि ३ त्याहून मोठी. ऐकताना वाटतं की एकटेच जास्त. पण डोकी मोजा: ५६ अधिक ६६ अधिक २४ अधिक निदान १२, म्हणजे १५८. त्यातले १०२ तारे कुणाच्या तरी सोबतीत. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी ‘मित्र’ हाही तिघांचा संसार आहे. मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजावर बारा-एक अंशांवर तो आपल्याकडून दिसतो, आड टेकडी नसली तर.

मग जोड्या होतात कशा? ढगाचा एखादा गाठोळा स्वतःच्या वजनाने आत कोसळायला लागतो. त्याला थोडी गिरकी असतेच. आकुंचताना गिरकी वाढते, जशी फुगडीत हात जवळ घेतले की वाढते. सगळी गिरकी एका ताऱ्यात मावत नाही. मग एक तर गाठोळा कोसळतानाच तुटून हजारो एककांवर दोन बिया पडतात, नाहीतर ताऱ्याभोवतीची तबकडी जड होऊन तिच्यातच दुसरा गोळा बसतो. ययातीच्या ढगात जॉन टोबिन आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यातून ९४ गर्भतारे पाहिले आणि २०१६ साली निष्कर्ष दिले. अगदी कोवळ्यांत ५७ टक्के सोबती असलेले. थोडे मोठे झालेल्यांत २३ टक्के. सोबत्यांच्या अंतरांना दोन उंचवटे होते, एक ७५ एककांच्या आसपास, दुसरा हजारांच्या पुढे. दोन रीतींचे दोन उंचवटे, असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं. फुटवे येतात भरपूर आणि गळतात लवकर, तेही नाळ तुटायच्या आत.

२०१७ साली सारा सादावॉय आणि स्टीव्हन स्टालर यांनी याच ढगाच्या आकड्यांवरून असं मांडलं, की सूर्यासारखे जवळजवळ सगळे तारे रुंद जोडीत जन्मत असावेत. लगेच सूर्याच्या हरवलेल्या जुळ्या भावाच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. त्या बातम्यांनी मला प्रस्तावनेपुरतं तरी सावध केलं. सूर्याला सोबती असेल, नसेल. चारशेसाठ कोटी वर्षांपूर्वी सुटलेला भाऊ आज आकाशगंगेत कुठे आहे, हे या आकड्यांतून कळत नाही.

मृगाच्या कोड्याला अलीकडे नवी गाठ पडली आहे. गॅस्पार दुशेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तिथल्या १० ते ६० एककांच्या घट्ट जोड्या पाहिल्या, ज्या आधीच्या उपकरणांना दिसतच नव्हत्या. त्या प्रौढ ताऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाल्या! रुंद जोड्या दाटीने मोडल्या हे ठीक. घट्ट जोडीला शेजाऱ्याचा धक्का लागत नाही हेही ठीक. पण बहुतेक तारे मृगासारख्या दाट वस्तीत जन्मतात असं आपण मानतो, मग प्रौढपणी या जास्तीच्या घट्ट जोड्या जातात कुठे? याचं सर्वांना पटलेलं उत्तर नाही. मला विचाराल तर या विषयातला सर्वांत जिवंत धागा हाच, आणि पुस्तकाचं सर्वांत लांब प्रकरण मी त्यालाच दिलं आहे.

या मोजदादीत आपल्याकडच्या माणसांचा वाटा जेकबवर संपला नाही. पुण्यात १८८८ साली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून वीस इंची परावर्ती दुर्बिणीची वेधशाळा उभारली आणि मृगाच्या तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला. १९१२ साली ती बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. शंभर वर्षांनी पुण्याच्याच आयुका या संस्थेतल्या ए. एन. रामप्रकाश यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ नावाचं यंत्र केलं. हवेची थरथर ते क्षणोक्षणी आरशाचा आकार बदलून काढून टाकतं आणि माणूस न लागता एका रात्रीत शेकडो तारे बघून मोकळं होतं. केप्लर दुर्बिणीने ज्यांच्याभोवती ग्रह असावेत असं म्हटलं होतं असे ७१५ तारे त्याने तपासले. २०१४ साली त्यांतल्या ५३ जणांना लपलेले सोबती सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ग्रहाचा आकार ताऱ्याच्या उजेडावरून काढतात, उजेड दोघांचा असला तर ग्रहाचं मापच चुकतं. जोडतारे मोजणं हा केवळ हौसेचा मामला नाही, तो असा.

आणि कुरुंदवाड. सांगलीहून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं पटवर्धनांचं हे जुनं संस्थान. तिथे १९५६ साली श्रीनिवास कुलकर्णी जन्मले. पालोमारच्या साठ इंची दुर्बिणीवर त्यांच्या गटाने मृगाच्या पायाशी, शशकात असलेल्या ग्लीझ २२९ या तांबड्या ताऱ्याशेजारी एक अतिमंद ठिपका पाहिला आणि १९९५ साली जाहीर केला. तारा व्हायला कमी पडलेला, ग्रहापेक्षा फार मोठा: पहिला निर्विवाद तपकिरी बटू, अंतर १९ प्रकाशवर्षं. ही जोडी तान्ही नाही, माझ्या विषयाच्या कुंपणाबाहेरची आहे. तरीही ती पुस्तकात आहे, कारण ती सोडून सांगली जिल्ह्यातल्या वाचकापुढे जाणं मला जमलं नसतं, आणि दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी.

पुस्तक वाचायला गणित लागत नाही, शाळेतली टक्केवारी येत असली म्हणजे झालं. दुर्बीण असली तर बरं. मृगाच्या तेजोमेघातली चार ताऱ्यांची चौकट दोन-अडीच इंची दुर्बिणीतूनही दिसते. ते चारही तारे तान्हे, आणि त्यांतले काही स्वतः जोडीचे. पण मृग संध्याकाळी वर असतो तो थंडीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात. पाचट पेटवलेल्या रानांचा धूर कृष्णाकाठच्या हवेत तरंगत असतो. तेव्हा माण, खटाव, जत, आटपाडीकडे जावं. पावसाने ज्यांना कायम हुलकावणी दिली त्या तालुक्यांना आकाश मात्र स्वच्छ मिळालं आहे. विंचू संध्याकाळी वर येतो तोवर मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून जेकबची जोडी पाहायची तर एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर जागावं. कासच्या पठारावर गाडीचे दिवे मालवून बसलं, की अनुराधेच्या वरच्या टोकाच्या ताऱ्याजवळ, दीडेक अंशावर, ‘न्यू’ सापडतो. साध्या दुर्बिणीत दोन दिसतील. मंद असलेला नीट लावून, हवा शांत असताना, चार इंची दुर्बिणीतून पाहिला तर त्याचेही दोन.

राहिलं ते दुसरं कारण. हस्तलिखित लिहून झालं तेव्हा ग्लीझ २२९ हा मागच्या तक्त्यात दुहेरीच्या रकान्यात होता, एक तारा आणि एक बटू. त्या बटूचं वजन त्याच्या मंद उजेडाला न शोभण्याइतकं जास्त भरत होतं आणि ते कुणाला उलगडत नव्हतं. २०२४ साली उलगडलं: तो बटू एक नाहीच, गुरूच्या ३८ पट आणि ३४ पट वजनाचे दोन बटू आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. तीस वर्षं सगळे त्याला एक मोजत होते. मुद्रितं तपासताना मी त्याला तिहेरीच्या रकान्यात हलवलं, आणि ते पेन्सिलीने.